स्लॅबवरचं रान

"तुमचं वजन किती?"

आप्पांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या दारात उभी होते, कडेवर चार महिन्यांची लेक, शेजारी नवरा, मागं सासूबाई. एप्रिलचं ऊन. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आन् यांचं? फ्रिज केवढाय? कपाट लोखंडी का लाकडी?"

नवऱ्याचे कान लाल झाले. "काका, आम्ही खोली बघायला आलोय, काट्यावर चढायला न्हाय."

"घरावर माझं ओझं हाय," आप्पा शांतपणे म्हणाले. "घरात तुमचं किती येणार, त्ये इचाराय नको? माणसाची जात इचारू न्हाय, वजन इचारावं."

मी तेव्हा वर बघितलं. स्लॅबच्या कडेवरून हिरवं गवत खाली लोंबत होतं. सगळी गल्ली तापून पांढरी पडलेली, समोरच्या मेडिकलच्या पत्र्याकडं बघवत नव्हतं, आणि या एका घराच्या डोक्यावर रान उगवलेलं. गवतातून एक म्हातारी मांजर आमच्याकडं बघत होती.

माझं माहेर ईटचं, भूम तालुक्यातलं. जिल्हा एकच, पण ईटच्या माणसाला मुरूम म्हणजे परमुलूखच. बाजारात निम्मी माणसं कानडीत भाव करतात. बाळंतपणाची रजा संपली आणि तिथल्या दवाखान्यात लॅबमध्ये माझी बदली झाली. नवरा जळकोटला शिक्षक, रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन करणारा. चार खोल्या बघून झाल्या होत्या आणि चारही भट्ट्या होत्या. लेकीची मान, पाठ, काखा घामोळ्यांनी लालभडक झालेल्या. म्हणून वजन सांगितलं. सासूबाईंनी मात्र सांगितलं नाही. "बघून काय ते समजा," म्हणाल्या. आप्पांनी बघितलं आणि मान हलवली.

आत पाय टाकला आणि मी थबकले. आत गार होतं. कूलरचा दमट गारवा वेगळा, हा तसला नव्हता. आमच्या ईटला चुलत्याचं माळवद आहे, लाकडावर पांढरी माती घातलेलं जुनं घर. भर उन्हाळ्यात त्याच्या मधल्या खोलीत जसं वाटतं तसं इथं वाटत होतं. सासूबाईंनी भिंतीला हात लावून बघितला आणि आप्पांना "छान, छान" करत राहिल्या.

आप्पांची पेंड-सरकीची जुनी पेढी होती. आता दुकान पुतण्या बघायचा आणि आप्पा स्लॅबवर राहायचे. राहायचे म्हणजे खरंच राहायचे. खाली तीन बिऱ्हाडं भाड्यानं, आणि मालक वर उघड्यावर, बाजेवर. पावसाळ्यात चार बांबूंवर ताडपत्री, चारी बाजू मोकळ्या. स्वयंपाक रॉकेलच्या जुन्या स्टोव्हवर. गल्लीतली पोरं त्यांना 'वरचे आप्पा' म्हणत. खाली राहत का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ताडपत्री अंगावर पडली तर माणूस मरत न्हाय."

मला हा विनोद वाटला. मी हसलेसुद्धा.

त्या घरात आणखी चमत्कारिक गोष्टी होत्या. सगळे दरवाजे बाहेर उघडायचे. जगात कुठंही घराचा दरवाजा आत उघडतो; इथं दार ढकललं की येणाऱ्याच्या नाकावर बसायचं. वर आप्पांची अट, आतून अडसर घालायचा नाही, नुसती छोटी कडी लावायची. खाटेचं डोकं भिंतीकडं करायचं नाही. आणि आप्पा स्वतः आमच्या खोलीत कधी यायचे नाहीत. भाडं उंबऱ्याबाहेर घ्यायचे, चहा उंबऱ्याबाहेर प्यायचे. एकदा पाऊस कोसळत होता, डोक्यावर गोणपाट घेऊन उभे, पाणी मिशांवरून गळतंय. सासूबाई म्हणाल्या, "अहो, आत या की." तर म्हणाले, "हितंच बरा हाय." लेकीला ताप आला तेव्हा पहाटेपासून उंबऱ्याशी बसून होते. पट्टी भिजवून हात लांब करून आत द्यायचे, पण पाऊल आत टाकलं नाही. सासूबाईंनी निष्कर्ष काढला, की सोवळं असेल. लिंगायताच्या घरात कसलं सोवळं पाळतात हे त्यांनाही सांगता आलं नाही.

लेकीला मात्र ते 'कूसू' म्हणायचे. कानडीत तान्ह्या लेकराला म्हणतात तसं. "कूसू निजली का?" हे रोजचं विचारणं.

स्लॅबवर मी पहिल्यांदा गेले ती कपडे वाळत घालायला, आणि आप्पांनी मला जिन्यातच अडवलं. टिटवीनं कडेच्या खडीत अंडी घातली होती. पिल्लं निघेपर्यंत आमचे कपडे अंगणातच वाळले. टिटवी उंचावर अंडी घालते तेव्हा पाऊस लई होतो, असं आप्पा म्हणाले, आणि त्या साली झालाही.

मग त्यांनी सगळं फिरून दाखवलं. खाली डांबराचा थर, त्यावर जाड प्लास्टिक, बारीक खडी, गोणपाट, आणि वर जेमतेम वीतभर माती; तीही नुसती माती नाही, निम्मं काथ्याचं भुसकट आणि साखर कारखान्याची मळी. गवत, घोळ, तांदुळजा, कोथिंबीर, कोरफड, आणि कडेनं ऑफिस टाइमची गुलाबी फुलं. झाड एकही नाही. पिंपळाचं रोप दिसलं की आप्पा साप दिसल्यासारखे धावायचे. सोलापूरच्या इंजिनिअरनं मातीचं ओझं धरून स्लॅबला सळई घातली होती. भाडेकरूंची वजनं विचारायची काही गरज नाही, असं त्यानं हसत सांगितलं होतं म्हणे. आप्पा तरी विचारायचेच.

लेकीच्या घामोळ्या आठवड्यात गेल्या. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या स्लॅबांच्या पन्हाळ्यांतून पाणी धो धो रस्त्यावर आलं, मेडिकलमध्ये घुसलं, औषधांचे खोके तरंगले. आमच्या घराच्या पन्हाळीतून थेंब थेंब पडत होता. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशीही तो थेंब पडतच होता. मेडिकलवाला खराट्यानं पाणी लोटत वर बघायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. श्रावणात आमच्या छताला पाळण्याच्या वरच ओल आली. नवरा भडकला. आप्पा दोन दिवस पालथे पडून हातानं माती उकरत होते. शेवटी पन्हाळीच्या तोंडाशी प्लास्टिक फाटलेलं सापडलं. "माझीच चूक. खुरपं लागलं," असं त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून, मान खाली घालून सांगितलं. एका ओलीसाठी एवढं मेल्याहून मेल्यासारखं होणारा घरमालक मी पाहिला नव्हता.

दवाखान्यात एक मोठ्या सिस्टर होत्या, रिटायरमेंटला आलेल्या. एकदा रक्ताचे नमुने द्यायला आल्या आणि सहज विचारलं, कुठं राहतेस. मी सांगितलं. त्यांच्या हातातला ट्रे टेबलावर आदळला.

"त्या घरात? तान्ही लेक घेऊन?"

"का हो? लई गार घर आहे."

"पोरी, आमच्या भागात माणसं डोक्यावर पत्रा घेतील, भाजून निघतील, पर माती न्हाय घेणार. तुला भूकंप माहीत न्हाय का?"

भूकंप मला पुस्तकातला माहीत होता. किल्लारीचा. मी जन्मायच्या आधीचा. सिस्टर आप्पांच्याच गावच्या निघाल्या, उमरगा-लोहाऱ्याकडच्या एका गावच्या. मग त्या बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. एका पहाटे सगळी माळवदं बसली. दगड तर होतेच, पण मातीच इतकी, की माणसं दिसेनात. गाव पुढं दुसरीकडं वसलं. जुनं तसंच पडून आहे. आप्पांची बायको गेली, तीन वर्षांची लेक गेली.

"आन् हा माणूस," सिस्टरचा आवाज बारीक झाला, "हा माणूस त्याच जुन्या घराच्या ढिगाऱ्यातली माती आणतो. एसटीत पिशवी घेऊन बसतो. म्या डोळ्यांनी बघितलंय. नगरपरिषदेत गेला हुता, शाळेच्या स्लॅबवर माती टाका, पोरांना ऊन लागतंय म्हणाय. एका बाईनं चप्पल काढली त्याच्यावर. तिचे पाच जण गेलेले."

हातातली नळी मी तशीच स्टँडमध्ये ठेवली. डोळ्यांसमोर फक्त पाळणा येत होता आणि त्याच्यावरचं छत.

घरी आले ती तडक वर गेले. आप्पा खुरपत होते.

"आप्पा, ही माती कुठली?"

"गावाकडची."

"कुठल्या घराची?"

खुरपं थांबलं. "सिस्टर बोलली व्हय?"

"खरं आहे का ते सांगा."

"सगळी न्हाय. लई थोडी. पर हाय."

"आणि माझी लेक त्याच्या खाली झोपते!" माझा आवाज इतका चढला की खालून सासूबाईंनी हाक मारली.

आप्पा उठले नाहीत. खुरप्याच्या टोकानं गवत बाजूला करत बोलत राहिले, माझ्याकडं न बघता.

"माळवद गळायचं. दरसाल मिरगाच्या आधी नवी माती टाकायची, ही रीतच. आज्यानं टाकली, बापानं टाकली. जुनी कुणीच काढली न्हाय. त्या साली बायको म्हणली, पोरीच्या अंगावर थेंब पडतोय. म्या गाड्या भरभरून टाकली. गळायचं थांबलं. बायको लई खूष झाली." खुरप्याला लागलेली माती बोटानं काढत म्हणाले, "त्या पहाटे म्या रानात हुतो, पाण्याच्या पाळीवर."

खाली गल्लीत कुणीतरी भाजीचा गाडा ढकलत होतं.

"मग परत तीच माती वर कशाला चढवली? वेड लागलंय का तुम्हाला?" मी हे बोलले. आजही मला ते शब्द तसेच ऐकू येतात.

"तिथं बाभळी माजल्यात तिच्यावर. कुणी जात न्हाय. त्या दोघींना नदीकडं पुरलं, पर घरातलं त्यांचं समदं त्या मातीतच राहिलं की. गेल्या साली हितं कोथिंबीर पेरताना बांगडीचा तुकडा गावला." त्यांनी मला दाखवायला खिशाकडं हात नेला.

मी बघितलं नाही. तडक जिना उतरले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दुसरी खोली बघू." दिवाळीपर्यंत सुट्टीच्या दिवशी आम्ही खोल्याच बघत होतो. शेवटी स्टँडच्या मागं एक मिळाली. पत्र्याची होती, पण हलकी. सासूबाई म्हणाल्या, "माणूस चांगलाय गं." मी म्हणाले, "माणसाचं मला काही म्हणायचं नाही." आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "बरं" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर तांदुळजाची जुडी ठेवून गेले.

सामान बांधायला काढलं त्या रविवारी नवरा टेम्पो ठरवायला गेला होता, सासूबाई देवळात. दुपारची वेळ. लेक जमिनीवर गोधडीवर निजलेली. मी मागच्या मोरीत भांडी घासत होते.

आधी आवाज आला. खूप लांबून, जमिनीच्या खालून, जड ट्रक यावा तसा. मग ताटाळ्यातल्या ताटल्या एकमेकींवर वाजायला लागल्या. मला कळलं, आणि कळूनही माझे पाय हलले नाहीत. हातात घासणी, तोंडातून आवाज नाही, मोरीच्या दारातून लेक दिसतेय, आणि मी जागची हलत नाही. असं होऊ शकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. आई आहे मी. पण तसंच झालं.

दार बाहेर उघडलं गेलं आणि आप्पा आत आले.

जिना उतरून आले की वरून उडी मारली, मला माहीत नाही. पाय मातीचे, धोतर खोचलेलं. छताकडं त्यांनी बघितलं नाही. गोधडीसकट लेकीला उचललं, मोरीपर्यंत आले, माझ्या दंडाला धरलं आणि ओढत बाहेर नेलं. अंगणात पोचेस्तोवर ते सगळं थांबलं होतं. आवाज, ताटल्या, सगळं. गल्लीभर माणसं उभी होती, कुणी टॉवेलवर, कुणी जेवणाचा हात तसाच. लेक जागी होऊन आप्पांच्या मिशा ओढत होती. आप्पा पांढरेफटक पडले होते आणि त्यांचे दात वाजत होते. उन्हात उभं राहून दात वाजणारा माणूस मी त्या दिवशी बघितला.

मेडिकलवाला ओरडला, "आप्पा, आता तरी ती माती काढा! मारताय का लोकांना?"

आप्पांनी लेकीला माझ्याकडं दिलं आणि वर गेले.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. सोलापूरचा इंजिनिअर आला, पिलर, तुळया, स्लॅब सगळं ठोकून, वाजवून बघितलं. केसाएवढी चीर नव्हती. तसा धक्काही हलकाच होता. असे आवाज त्या भागात अधूनमधून येतात, हे मला नंतर कळलं. स्टँडमागची खोली आम्ही सोडून दिली. आप्पांच्या घरात आणखी चार वर्षं राहिलो. बदली झाली तेव्हा लेक वर जाऊन आप्पांच्या बाजेखाली लपून बसली होती, तिला ओढून काढावं लागलं. दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले. पुतण्यानं गवत ठेवलंय. आणि त्या मेडिकलवाल्यानं पत्रा काढून स्लॅब टाकला, तेव्हा त्याच इंजिनिअरला बोलावून, वजनाचा हिशेब करून, वर गवत लावून घेतलं. त्याच्या दुकानातली औषधं आता उन्हाळ्यात वितळत नाहीत, असं तो स्वतःच शोध लावल्यासारखा सगळ्यांना सांगतो.

पण मला सांगायचंय ते धक्क्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी अंगणात धप्प धप्प आवाज होत होता. दार उघडलं तर वरून माती पडत होती. गवतासकट ढेकळं, ऑफिस टाइमची फुलं, सगळं. मी लेकीला कडेवर घेऊन वर गेले. आप्पा खोऱ्यानं माती उपसून खाली फेकत होते. निम्मा स्लॅब उघडा पडला होता, काळं प्लास्टिक दिसत होतं. गोणपाट फाटलेलं. मांजर भेदरून कठड्यावर.

"आप्पा, काय चाललंय हे?"

"काढतोय."

"कुणी सांगितलं काढायला?"

"काल कूसू खाली हुती." खोरं चालूच होतं. "तू म्हणली हुतीस ते खरं हाय. येड लागलंय मला. एकडाव करून मन भरलं न्हाय."

"अहो, काही झालं नाही. भिंतीला चीर नाही, बघितलं ना तुम्ही?"

"तवा बी आदल्या दिशी चीर नव्हती."

काल परवापर्यंत मला ही माती नको होती, तिच्यापायी मी पत्र्याची खोली ठरवली होती, आणि आता ती जाताना बघून मला घाबरायला होत होतं. तो माणूस मातीबरोबर स्वतःच खाली पडतोय असं वाटत होतं. उरलेल्या गवतावर जाऊन, त्यांच्या खोऱ्याच्या पुढ्यात, फतकल मारून बसले आणि लेकीला खाली सोडलं.

"ऊठ," आप्पा म्हणाले.

"नाही उठत."

"पोरी, ऊठ म्हणतो ना."

"इंजिनिअर येऊ दे. तो काढा म्हणाला तर मी स्वतः पाटी धरते. तोवर आम्ही दोघी इथंच आहोत."

ते खोऱ्यावर हात टेकून उभे राहिले. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो आणि लेकीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. ती रांगत रांगत उकरलेल्या ढिगाशी गेली, मूठभर माती उचलली आणि तोंडात कोंबली.

मी ओरडले. पण माझ्या आधी आप्पा पोचले. खोरं पडलं, ते गुडघ्यांवर बसले, एका हातात तिची मान धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या तोंडात घातलं. लेक रडायला लागली. ते टाळूवरून, जिभेखालून, गालाच्या आतून माती काढत राहिले. धोतराला बोट पुसायचे आणि पुन्हा घालायचे. तोंड कधीच साफ झालं होतं. मी म्हणाले, "आप्पा, झालं. झालं आता." त्यांना ऐकू गेलं नाही. लेकीचं रडणं मोठं, मोकळं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढं. ते तसेच तिच्या उघड्या तोंडात बघत होते.

"निघाली," शेवटी ते म्हणाले. त्यांच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ पोरी. निघाली. समदी निघाली."